उजव्या डोळ्यातले चार थेंब

९ जानेवारी, गुरुवार

उजव्या डोळ्याचं अकरावं इंजेक्शन झालं. साडेनऊला बोलावलं, पावणेबाराला आत घेतलं. हिरवा झगा, टोपी, उजव्या भुवईवर पेनानं फुली. मोनिका सिस्टर नेहमीप्रमाणे, "आजी, पायाकडे बघा." त्यांना किती वेळा सांगितलं की मी कुणाची आजी नाही. मला मूलच नाही. "बरं आजी," म्हणाल्या.

सिस्टरांनी सिरिंज भरली. टक टक टक, तीन टिचक्या. डॉ. स. नी टोचलं. दुखत नाही, दाब कळतो. बाहेर येऊन थेंब, गॉगल, रिक्षा, कोपरीचं घर.

कुमुद दारातच उभी. "वहिनी, दिसतंय ना?" नणंद-भावजय म्हणून वीस वर्षं भांडलो. हे गेल्यापासून सहा वर्षं एका घरात आहोत. आता ती माझ्या डोळ्याला घाबरते, मी तिच्या साखरेला. दिसतंय म्हटलं.

डावा डोळा गेल्यातच जमा. त्यानं माणसाचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. जे काही आहे ते उजव्यावर. पडद्यामागची गळती दर सहा आठवड्यांनी सुईनं थांबवायची. नाही थांबवली तर याही डोळ्यानं कान.

१० जानेवारी, शुक्रवार

तांदूळ निवडत होते. ताटात एक खडा. उचलायला गेले, बोटांत काही नाही. पुन्हा दिसला. पुन्हा चिमूट. पुन्हा काही नाही.

खडा नव्हता. डोळ्यात आहे.

मान वर केली तर तो खाली गेला. सरळ बसलं की नजरेच्या अगदी तळाशी, मान घातली की ताटाच्या मधोमध. एक नाही, जास्त आहेत. गोल. कडेला काळी रेघ, मध्ये उजेड.

माश्या, कोळिष्टकं गेली पंधरा वर्षं दिसतात. त्यांना शेंडाबुडखा नसतो. हे तसले नाहीत. हे गोल आहेत, कंपासनं काढल्यासारखे.

कुमुद म्हणाली, "पाकिटातल्या तांदळात खडे नसतातच वहिनी."

"मग मी इतकी वर्षं काय करतेय?"

"तेच मी इतकी वर्षं विचारतेय."

११ जानेवारी, शनिवार

तपासणी. डॉ. स. नी दिव्याच्या यंत्रातून पाहिलं. पडदा शाबूत, फाटलेला नाही, सूज कमी. मी त्या गोलांचं सांगितलं. म्हणाले, फ्लोटर्स. वयानुसार होतं. दुर्लक्ष करा, मेंदूला सवय होते.

मी म्हटलं, गुरुवारी सकाळी नव्हते, शुक्रवारी सकाळी होते. गुरुवारी माझं वय झालेलं नव्हतं का?

हसले. हसतात तेव्हा पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं जातं. विजा चमकल्यासारखं झालं किंवा पडदा खाली आल्यासारखा वाटला तर लगेच या, एवढं मात्र नीट, सावकाश सांगितलं. ते त्यांच्या बाजूनं नोंदवते.

१३ जानेवारी, सोमवार

एकतीस वर्षं औषध कंपनीत तपासणी विभागात काढली. बाळकुमच्या बाजूला. त्या जागेवर आता टॉवर आहेत, खाली तरणतलाव आहे म्हणे. काम एवढंच: इंजेक्शनची काचेची बाटली दिव्यासमोर धरायची, हलकेच फिरवायची, पाच सेकंद पांढऱ्या फळ्यापुढे, पाच सेकंद काळ्या. कण दिसला की बाजूला. दिवसाला हजारो. शेवटची नऊ वर्षं त्या टेबलाची सुपरवायझर.

आणि मला सांगतात दुर्लक्ष करा.

आज रीतसर केलं. पांढऱ्यासाठी दिवाणखान्याची भिंत. काळ्यासाठी यांची जुनी छत्री उघडून खुर्चीवर ठेवली. कुमुद ओरडली, घरात छत्री उघडू नये. म्हटलं, देवाला सांग तपासणी चालू आहे.

नोंद: पांढऱ्यावर चार. काळ्यावर एकही नाही. म्हणजे सावली आहे, उजेड लागतो. तीन लहान, एक मोठा. मोठा उजवीकडे. पाठीवर झोपले की चारही दिसेनासे होतात. पालथं झोपून उशीवरून फरशीकडे पाहिलं की चारही समोर.

डोळ्यातलं चित्र उलटं पडतं हे कॉलेजात शिकलो. मला खाली दिसतात म्हणजे ते वर आहेत. वर तरंगतात. डोळ्यातल्या पाण्याहून हलके. जाळं, कचरा, रक्ताची गुठळी असं वर जमून राहत नाही.

वर तरंगतं आणि गोल राहतं ते काय, हे मला कुणी शिकवायला नको. तेल.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सकाळी कुमुदचं इन्सुलिन भरलं. तिचा हात कापतो म्हणून रोज मीच भरते. आठ एकक. सिरिंज उभी धरली आणि बोट आपोआप गेलं. टक टक टक.

तिथंच थांबले.

कुमुद पोटावरची घडी चिमटीत धरून बसलेली. "टोच ना, काय झालं? बाई ध्यान लावून बसल्या."

सिरिंजच्या आतून तेल लावलेलं असतं. दट्ट्या अडकू नये म्हणून, अगदी पातळ हात. सिलिकॉनचं. आमच्याकडे बाटल्यांच्या रबरी बुचांना लावायचे. नुसत्या ठेवलेल्या बाटलीत काही दिसायचं नाही. ट्रॉली जोरात आपटली, खोका हलला, की त्याच बाटलीत तेलाचे बारीक मणी. हलवलं की सुटतं. टिचकी म्हणजे हलवणंच.

कुमुदला पोटात टोचते तिथं त्या तेलानं काही बिघडत नाही. डोळ्यात ते जाणार कुठे?

तिला टोचलं. तिळगूळ एकच दिला, लहान. बाकीचे वरच्या फळीवर.

१५ जानेवारी, बुधवार

नव्या इन्सुलिन सिरिंजमध्ये उकळून गार केलेलं पाणी. एकीला टिचक्या दहा, एकीला शून्य. दोन्हींतलं पाणी काचेवर, भिंगाखाली.

दहावालीत दोन ठिकाणी चमक. शून्यवालीतही एका ठिकाणी. माझ्या चार थेंबांतून आरपार बघून थेंब मोजायचे म्हणजे. काही ठरवता आलं नाही. खरं तेच लिहिते.

कुमुद: "आता माझ्या सुया पण संपव."

२१ जानेवारी, मंगळवार

चार आहेत. कमी नाहीत, जास्त नाहीत.

वाचताना त्रास. पुस्तक उभं धरून, मान ताठ ठेवून वाचते. कुमुद म्हणते हवालदारासारखी दिसतेस. शिवण बंद. तांदूळ तिनं निवडायला घेतले, निवडत नाही, नुसती बोटं फिरवते.

सिरिंजवरच्या खुणा उभी धरून वाचता येतात. ते महत्त्वाचं.

ललिताला फोन केला. माझ्या टेबलावर होती. लग्नानंतर नोकरी सोडली, आता टिटवाळ्याला. बुचांच्या तेलाबद्दल तिला काय आठवतं ते विचारायचं आहे. रविवारी या म्हणाली. कुमुदलाही गणपतीला जायचंच आहे.

२६ जानेवारी, रविवार

कुमुदला देवळाच्या रांगेत सोडून ललिताकडे. नवी इमारत, चौथा मजला, खिडकीतून अजून शेत दिसतं. मला बघून पदर सावरला. अजून. मी म्हटलं, बस गं, टेबल संपलं आपलं.

सगळं सांगितलं. तिनं ऐकलं आणि हसली. "बाई, आयुष्यभर डोळ्यात तेल घालून काम केलंत, आता ते दिसायला लागलं." हा विनोद कुमुदनं आधीच दोनदा केला आहे. मी हसले नाही.

मग म्हणाली, "तुम्हाला आठवत नाही?"

"काय?"

"मी नवीन होते. एक अख्खा ट्रे बाजूला ठेवलेला. प्रत्येक बाटलीत गोल गोल दिसत होतं. तुम्ही आलात, एक बाटली उचलून बघितलीत, म्हणालात, हे कण नाहीत, तेल आहे. कुणाला काही होत नाही. जाऊ दे पुढे."

"वरून परिपत्रक होतं. तेलाचे थेंब दोष धरू नये."

"असेल. मी परिपत्रक नव्हतं वाचलं. मी तुम्हाला विचारलेलं." चहा पुढे सरकवला. "रागानं नाही हां बाई. मी तेव्हा घरी जाऊन विचार केलेला की आपले डोळे खराब आहेत."

चहा प्याले. ती गोड चहा करते, तेव्हाही करायची.

परत येताना गाडीत कुमुद प्रसाद मांडीवर घेऊन झोपली. मी खिडकीबाहेर बघत होते. आभाळ पांढरं, खाली चार थेंब, कल्याणपर्यंत बरोबर.

२७ जानेवारी, सोमवार

काल रात्री नीट लिहिलं नाही. आज लिहिते.

तो ट्रे मला आठवतो. ललिताला नाही म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही. सही माझी होती. माल गेला. कुणाच्या दंडात, कुणाच्या शिरेत. कुणाला काही झालं असेल असं नाही. पण मी विचारलं नव्हतं. परिपत्रक वाचून मला बरं वाटलं होतं, कारण त्या महिन्यात बाजूला काढलेल्या मालावरून वरचे माझ्यावर खेकसत होते.

आणि पोरीला तिच्या डोळ्यांबद्दल शंका घ्यायला लावली. डॉ. स. नी त्या शनिवारी माझ्याशी तेच केलं.

म्हणून मी आता गप्प बसावं असं होत नाही. उलट. तेव्हा जे विचारलं नाही ते आता विचारणार.

३ फेब्रुवारी, सोमवार

मोनिका सिस्टरांना गाठलं. दुपारी दीड, दवाखान्याच्या मागच्या जिन्यात त्या डबा खातात. बोंबलाचं कालवण, भाकरी. मला बघून, "आज तारीख नाही तुमची, आजी."

म्हटलं, तारीख नाही, काम आहे. सिरिंजला टिचकी मारू नका.

चमचा खाली ठेवला. "काय?"

समजावून सांगितलं. तेल, दट्ट्या, हलवणं. शांतपणे. माझ्या मानानं शांतपणे.

"सव्वीस वर्षं मी सिरिंज भरते. माझ्या हातून हवेचा एक बुडबुडा पेशंटच्या डोळ्यात गेलेला नाही. सरांना विचारा. नवीन मुली येतात त्यांना सर सांगतात, मोनिकासारखी टिचकी मारा. आणि तुम्ही मला बोलता टिचकी मारू नको?"

"हो."

"मग हवा वर कशी येणार?"

"सुई वर करून धरा. थांबा. आपोआप येते."

"किती थांबू? आत सर हात धुऊन उभे, बाहेर वीस पेशंट."

"मी पण हजारोंनी बाटल्या बघितल्यात सिस्टर. घाईत मी पण जाऊ दे म्हटलंय."

सिस्टर भाकरीचा तुकडा मोडत, "तुम्ही जेवलात का?"

"नाही."

अर्धी भाकरी माझ्याकडे केली. मी बोंबील खात नाही म्हटलं. "म्हणूनच डोळे असे," म्हणाल्या. हो म्हणाल्या नाहीत, नाही पण म्हणाल्या नाहीत. कालवणाशिवाय भाकरी खाल्ली. चांगली होती.

६ फेब्रुवारी, गुरुवार

डॉ. स. कडे एक कागद घेऊन गेले. घड्याळाचा गोल काढून त्यात चारही थेंब, सरळ बसून कुठे, मान खाली घालून कुठे, झोपून कुठे. तारखा. कुमुद बरोबर, पर्स छातीशी धरून, जणू आम्ही चोरी करायला चाललोय.

त्यांनी कागद बाजूला ठेवला. मी परत समोर ठेवला. म्हटलं, बाहुली मोठी करायचे थेंब तासापूर्वी घालून घेतलेत. मला वर बघायला लावा, मग एकदम खाली, आणि यंत्र वरच्या भागावर ठेवा.

"तुम्ही मला शिकवताय."

"नाही. कुठे ठेवलंय ते सांगते."

पाहिलं. बराच वेळ. वर बघा. खाली. परत वर. मग नुसतं "अच्छा."

"किती?"

"तीन."

"चार."

परत पाहिलं. "चार. एक मागे होता." खुर्ची मागे घेतली. "सिलिकॉन आहे. सिरिंजमधून येतं कधी कधी. नुकसान करत नाही सहसा."

"मग लिहा."

"लिहायची गरज नसते. कॉमन आहे."

"कॉमन असेल तर लिहायला सोपं."

म्हणाले, तुमचा विश्वास नसेल तर दुसरीकडे दाखवू शकता. कुमुदनं माझी कोपर धरली. मी म्हटलं, विश्वास आहे, म्हणून इथे बसले आहे. लिहीपर्यंत बसणार आहे. बाहेर चौदा पेशंट होते, मोजून आले होते. दारातून एकानं डोकावून पाहिलं. मी मान ताठ ठेवली, थेंब खाली राहावेत म्हणून. बाकीच्यांना ती अकड वाटली असेल. वाटू दे.

लिहिलं. उजवा डोळा, सिलिकॉन तेलाचे थेंब, चार. वाचून दाखवा म्हटलं. खाली एक शब्द जास्त होता: अँक्शस. पेशंट अँक्शस.

म्हटलं, ते खोडा. मी घाबरलेली नाही, मी सांगते आहे.

खोडलं. एक रेघ मारली आणि शेजारी सही केली. ते मला आवडलं, खोडल्यावर सही करायची असते.

बिनतेलाची सिरिंज मिळते, हेही त्यांनीच सांगितलं, स्वतःहून, मी उठल्यावर. मागवून बघतो म्हणाले.

जिन्यात कुमुद: "देवा, तुझ्याबरोबर परत कुठे येणार नाही." खाली उतरल्यावर: "चौदा नाही, सोळा होते."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दवाखान्यातून फोन. बिनतेलाची सिरिंज वीस तारखेपर्यंत येणार नाही. पुढच्या महिन्यात कदाचित. वीसची तारीख ठेवायची का?

कळवते म्हटलं.

कुमुदशी वाजलं. माझं म्हणणं, महिनाभर थांबते. येऊ दे ती सिरिंज. दर वेळी चार चार थेंब वाढले तर वर्षाअखेर डोळ्यात साबणाचं पाणी. तिचं म्हणणं, "आणि ती गळती थांबणारे का तुझ्यासाठी महिनाभर? ती काय तुझ्या टेबलावरची पोरगी आहे, थांब म्हटलं की थांबायला?"

"मला माहीत आहे मी काय करते ते."

"तुला सगळं माहीत असतं. दादालाही तू सांगायचीस कुठल्या कुशीवर झोपायचं." मग जरा वेळानं, स्वयंपाकघरातून, भांड्यांच्या आवाजात: "मला कोण टोचणार मग?"



१६ फेब्रुवारी, रविवार

फ्रिजवर चौकटींचा कागद लावलेला आहे, मध्ये ठिपका. रोज सकाळी डावा डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं. सगळ्या रेघा सरळ हव्यात.

आज डावीकडची तिसरी उभी रेघ वाकडी. थोडीशीच. कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी. चष्मा पुसला. परत. वाकडी.

थेंब नाही हा. थेंब हलतात. रेघ हलत नाही, वाकते. गळती परत.

कुमुद देवपूजा करत होती. तिला सांगितलं नाही. दुपारी सांगितलं. तिनं टोमणा न मारता फोन आणून हातात दिला.

वीस तारीख ठेवा म्हणून कळवलं. तेलाच्या सिरिंजनंच घेणार. टिचकीशिवाय.

हरले असं वाटत नाही. दोन वाईटांतलं एक मी स्वतः निवडलं, कुणी माझ्यासाठी निवडलं नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मोनिका सिस्टरांना फोन. नंबर त्यांनीच दिला होता, भाकरीच्या दिवशी. गुरुवारी टिचकी नको, एवढंच. म्हणाल्या, "सरांनी सांगितलं तर."

सरांना फोन. म्हणाले, "सिस्टर तयार असतील तर."

मी म्हटलं, तुम्ही दोघं एकमेकांना विचारा, मी गुरुवारी येते.

आज कुमुदचं इन्सुलिन टिचकीशिवाय भरलं. सुई वर करून धरली आणि मोजलं. हवा वर यायला चाळीसपर्यंत मोजावं लागलं. बोट तीनदा पुढे गेलं, तीनदा मागे घेतलं. इतक्या वर्षांची सवय तीन दिवसांत जाणार नाही. सिस्टरांचीही जाणार नाही. हे मला आजवर सुचलं नव्हतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

बारावं.

आत घेताना सिस्टर माझ्याकडे बघेनात. झगा, टोपी, फुली. डोळा बधिर करायचे थेंब, ते पिवळं जळजळणारं औषध. तोंडावर हिरवं कापड, त्याला एक भोक, पापण्यांना चाप. दिसतो तो फक्त दिवा. बाकी सगळं ऐकायचं.

बाटलीचं झाकण. सुई बुचातून गेल्याचा बारीक आवाज. मग काही नाही.

शांतता. कुणी तरी पाय हलवला. डॉ. स.: "सिस्टर?"

"थांबा सर. वर येतेय."

मी आत मोजत होते. अठ्ठावीस, एकोणतीस. साठपर्यंत गेले. टिचकी नाही. बाहेर कुणाचा तरी मोबाईल वाजला आणि बंद झाला. मी आयुष्यात इतकी लांब शांतता कुणाकडून मागून घेतलेली नाही.

"घ्या सर."

"खाली बघा मॅडम." हे डॉक्टर. टोचलं.

चाप काढला, कापड काढलं, मला उठवून बसवलं. आणि लगेच दिसला. नजरेच्या तळाशी एक काळा गोळा. मोठा. जुन्या चारांपेक्षा कितीतरी मोठा.

म्हटलं, "एक आहे."

सिस्टरांनी मास्क खाली केला. प्रथमच त्यांचा पूर्ण चेहरा असा जवळून पाहिला. "हवा असेल," म्हणाल्या. "पूर्ण वर नाही आली. सांगितलेलं ना मी? सव्वीस वर्षांत पहिला." आवाज चढलेला नव्हता. पडलेला होता.

डॉ. स.: हवा असेल तर दोन-तीन दिवसांत शोषली जाईल. तेल असेल तर राहील. आत्ता नक्की सांगता येणार नाही.

मी सिस्टरांना म्हटलं, "तुमचा नाही. मी मागितलेला आहे. माझ्या नावावर."

"असं नसतं ते," म्हणाल्या. "हात माझा." मग मला खाली उतरवताना, "हळू. मॅडम, पायरी आहे."

३ एप्रिलची तारीख घेऊनच बाहेर पडले. फाईलवर 'टिचकी नको' लिहून घेतलं. डॉ. स. नी एकही प्रश्न न विचारता लिहिलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी दहा, पांढरी भिंत, सरळ बसून: जुने चार तिथंच. नवा एक. काळा, कडा ठळक, मान हलवली की डुचमळतो. जुन्या थेंबांना मध्ये उजेड आहे, याला नाही, किंवा अगदी टिकलीएवढा. त्यावरून काही ठरवायचं नाही.

मापायची युक्ती केली. डावा डोळा झाकून भिंतीपासून दोन हातांवर खुर्ची, कुमुद भिंतीशी पट्टी धरून. मी सांगायचं, गोळ्याची कड कुठे सुरू, कुठे संपली. तिनं पेन्सिलीनं खूण करायची.

"इथे?"

"वर."

"इथे?"

"तुझा हात हलतोय."

"माझा हात हलतो हे तुला आज कळलं?"

नीट भरलं तेव्हा बावीस मिलिमीटर. चुकीला दोन इकडेतिकडे.

दुपारी मोनिका सिस्टरांचा फोन. तपासणी उद्या आहे, तरी फोन. "गेला?" एवढंच. नाही म्हटलं. बाजूला भांड्यांचा आवाज येत होता, घरूनच बोलत होत्या. "सकाळी एका आज्जींचं होतं. मी नाही मारली टिचकी. त्यांचा वर आला सगळा." जरा थांबून, "काय माहीत." आणि ठेवला.

रेघ अजून वाकडी आहे, औषधाला चार-पाच दिवस लागतात.

संध्याकाळी साडेसहा. दिवा लावायच्या आधी, भिंतीवर अजून उजेड होता, कुमुदला न बोलावता नुसतं बघितलं. गोळा लहान वाटला. सकाळच्या खुणांच्या आत बसतोय असं वाटलं.

पण मला तो लहान व्हायला हवा आहे. तेव्हा ही नोंद धरू नये. उद्या सकाळी दहा वाजता, कुमुद आणि पट्टी.